रविवारी आवरतो, काका!

तो तुम्हाला माहीत आहेच. दाराबाहेर चपलांचा ढीग, त्यात जोडी एकीचीही नाही. बेल वाजवली की आत काहीतरी घरंगळतं, दार बोटभर उघडतं आणि फटीतून उत्तर येतं, "रविवारी आवरतो, काका!" आपण अजून काही विचारलेलंही नसतं.

कामोठ्यात घर भाड्याने द्यायचं म्हणजे असा एखादा नशिबी येतोच. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर खेटून उभ्या इमारती, इकडे मानसरोवर स्टेशन, तिकडे खांदेश्वर, हायवेलगत मेडिकल कॉलेज. एजंट म्हणाला, "डॉक्टर होणारा मुलगा आहे, स्वच्छतेची काळजीच सोडा." मी सोडली.

आम्ही वरच्याच मजल्यावर राहतो. एकदा हिने चहापत्तीचा समजून त्याचा डबा उघडला, तर आत हाडं. "मनगटाची आहेत, काकू. परीक्षा झाली की रविवारी हलवतो." सिंकमधल्या पातेल्यावर हिरवी लव आली होती. मी नाक मुरडलं, तर त्याने बुरशीचं लॅटिन नाव सांगितलं. ओले कपडे पंख्याच्या पात्यांवर टाकायचे आणि बटण दाबायचं, ही त्याची वाळवणाची पद्धत. एक पातं वाकलं. एकदा नळ कोरडा होता, तो उघडाच ठेवून हा झोपला. कामोठ्यात पाणी आलं ही आनंदाची बातमी. त्या पहाटे खालच्या मजल्याला ती छतातून कळली.

रविवार यायचा नाही असं नव्हे. पण रविवारी हार्बरला मेगाब्लॉक. शनिवारी आलेले मित्र मुक्कामाला, पसारा पाहुण्यांसकट दुप्पट.

शेवटी मी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 काढून बसलो. कलम 55 म्हणतं, करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर त्याला 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम 24 नुसार मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट भाडं. पातेल्यातल्या बुरशीबद्दल कायदा गप्प. हाडांबद्दलही.

मग हिला इन्सुलिन सुरू झालं. "सकाळी सातला येतो," तो म्हणाला. मनात म्हटलं, येईल रविवारी! तो रोज आला. कोपरापर्यंत हात धुवायचा, पेनवरचा आकडा हिला दाखवून पुन्हा तपासायचा, वापरलेली सुई वेगळ्या डब्यात टाकायचा. टेबलावर कापसाचा धागाही उरायचा नाही. याच हातांनी एक पातेलं घासायला काय झालं होतं? मी बोलूनही दाखवलं. ही म्हणाली, "पातेलं मी घासते. तुम्ही गप्प बसा."

करार संपला, तो गेला. आता बँकेतलं जोडपं आहे. चपला ओळीत, भाडं एक तारखेला, घरात माणूस आहे की नाही कळत नाही. सुई मी टोचतो. ही डोळे घट्ट मिटून घेते. त्याच्या वेळी गप्पा मारायची.

डिपॉझिटमधून पंख्याच्या पात्याचे पैसे मात्र कापले. कापायलाच हवेत.