निकॉननं रेडला घरात घेतलं, आणि कॅननच्या कपाळावर आठी

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाशी या. मोठ्यानं बोलायची सोय नाही, समोरच्या स्टुडिओवाल्यांकडे वडिलांपासून कॅनन आहे, उगाच राग यायचा...

निकॉन आणि त्या सिनेमाचे कॅमेरे काढणाऱ्या रेडचं म्हणतेय मी. जुनी झाली म्हणा गोष्ट, पण मला अजून पचत नाही. ज्या घरानं आपल्याला कोर्टात खेचलं, दोन वर्षांत त्याच घराशी सोयरीक? आणि सोयरीक तरी कसली, सबंध घरच विकत घेतलं. शंभर टक्के!

निकॉनचा झेड ९ आला तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. आरसा तर नाहीच, मेकॅनिकल शटरसुद्धा काढून टाकलेलं. मग २०२२ च्या एप्रिलात फर्मवेअर आलं आणि कॅमेऱ्याच्या आतल्या आत रॉ व्हिडिओ, तोही कॉम्प्रेस केलेला. झालं! रेडवाल्यांच्या अंगाचा तिळपापड. कारण या युक्तीचं पेटंट त्यांचं. महिनाभरात कॅलिफोर्नियाच्या कोर्टात केस. आणि ही काय त्यांची पहिली वेळ होती? २०१३ मध्ये सोनीला खेचलं, ते आपसात मिटलं. २०१९ मध्ये खुद्द ॲपल पेटंट ऑफिसात गेली, म्हणाली हे पेटंट रद्द करा, यात नवं काही नाही. ॲपल हो! तिलाही दारातूनच परत पाठवलं. तेव्हापासून सगळे टरकून. ज्याला कॅमेऱ्यात असं कॉम्प्रेस केलेलं रॉ हवं त्यानं रेडला पैसे मोजावेत, नाहीतर बाहेरून रेकॉर्डर लटकवावा.

मला वाटलं, जपानी माणसं, वाकतील आणि देऊन टाकतील. कसचं काय! निकॉननं उलट विचारलं, की पेटंटचा अर्ज करायच्या वर्षभराहून आधीच तुम्ही हा कॅमेरा लोकांना दाखवत होतात, विकायला काढला होतात, मग हे पेटंट टिकतंच कसं? आता याचा निकाल लागला असता तर मजा होती. पण लागलाच नाही. २०२३ च्या एप्रिलात केस मुकाट्यानं मागे. कुणी कुणाला काय दिलं, अवाक्षर नाही. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. नि २०२४ च्या मार्चमध्ये बातमी, निकॉन रेडला विकत घेतेय...

रेडचे मूळ मालक जिम जॅनर्ड ठाऊक आहेत ना? ते ओकली गॉगलवाले. ओकली लक्झोटिकाला विकलं २००७ मध्ये, दोनशे कोटी डॉलरच्या वर मिळाले. हौसेला मोल नाही म्हणतात तसलं. फिल्मशिवाय सिनेमा नाही म्हणणाऱ्यांच्या हातात यांनीच डिजिटल दिलं, पीटर जॅक्सननं ‘हॉबिट’ यांच्या एपिक कॅमेऱ्यावर काढला. इथवर सगळं छान. मग फोन काढायला कुणी सांगितलं होतं हो? हायड्रोजन वन! चष्म्याशिवाय थ्रीडी म्हणे. २०१८ मध्ये आला, वर्षभरात गुंडाळला आणि जॅनर्ड तब्येतीचं कारण सांगून निवृत्त. घरातला कर्ता माणूस उठला, की स्थळं यायला लागतातच.

तर काय सांगत होते... हां, कॅननची आठी. रेडच्या कोमोडोवर आणि व्ही-रॅप्टरवर माउंट कुणाचा होता? कॅननचा आरएफ! म्हणजे सिनेमावाल्यांच्या सेटवर कॅननच्या लेन्सांची सोय रेडनं केलेली, आणि ती रेडच निघाली निकॉनच्या घरी. आता कॅननच्या साहेबांचे चेहरे मी काही बघायला गेले नव्हते, पण तुम्हीच सांगा, कसे असतील? २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच कॅमेऱ्यांच्या पुढच्या आवृत्त्यांना निकॉनचा झेड माउंट लागला. सप्टेंबरात निकॉननं झेडआर काढला, अंगावर ठळक रेडचं नाव, आत रेडची रंगाची विद्या, आणि किंमत अमेरिकेत २,२०० डॉलर. कोमोडो आला तेव्हा ६,००० ला पाच डॉलर कमी होता. ज्यांनी तेव्हा कर्ज काढून घेतला त्यांनी आता काय करावं...

आमच्या पुतण्याला दाखवला तो झेडआर. तो लग्नाचे फोटो काढतो ना. म्हणाला, “काकू, यात व्ह्यूफाइंडरच नाही, भर उन्हात वरातीत मी काय बघू?” हेही खरंच. व्हिडिओवाल्यांसाठी आहे तो, फोटोवाल्यांनी उगाच जीव टाकू नये.

पण मला सांगा, हे निकॉन-कॅनन एवढे थोर, मग मिररलेसमध्ये शेवटून पहिले कसे आले? पॅनासॉनिकनं २००८ मध्ये जी१ काढला. आरसा नाही, बॉडी छोटी. तेव्हा हे दोघे नाक मुरडत होते. मग लोकलाजेस्तव निकॉननं २०११ मध्ये निकॉन १ काढला, त्याचा सेन्सर केवढा, तर एक इंच म्हणायचा, प्रत्यक्षात तेवढाही नाही. कॅननचा ईओएस एम २०१२ मध्ये आला, त्याचा फोकस लागेपर्यंत पोरगं चौकटीबाहेर. माझं स्पष्ट मत आहे बाई, यांना तो चांगला करायचाच नव्हता. चांगला केला तर आपलेच डीएसएलआर कोण घेणार, ही भीती. आणि सोनीकडे होतं काय गमवायला? कोनिका मिनोल्टाचा कॅमेऱ्यांचा धंदा २००६ मध्ये त्यांनी घेतला खरा, पण डीएसएलआरमध्ये या दोघांपुढे डाळ शिजली नव्हती. तेव्हा २०१३ च्या ऑक्टोबरात बिनधास्त फुलफ्रेम ए७ काढून मोकळे. बॅटरी दुपारपर्यंत टिकायची नाही, हातात ग्रिप नाही, लेन्सा चार-दोन. तरी लोक गेले. आमचा पुतण्याही गेलाच असता, त्याच्या वडिलांनी डोळे वटारले म्हणून राहिला.

मग उजाडलं २०१८. ऑगस्टात निकॉनचे झेड ६, झेड ७, आणि दोनच आठवड्यांत कॅननचा ईओएस आर. पाच वर्षं उशीर करून आले, आणि कार्डाला खाच किती? एक! अहो एकच! निकॉनची तीही एक्सक्यूडी, त्या कार्डाची किंमत ऐकून माणूस खाली बसेल. पुतण्याचा चेहरा असा पडला ना... लग्नात काय, अंतरपाट एकदाच दूर होतो. कार्ड दगावलं तर नवरीच्या आईला काय सांगायचं, पुन्हा उभे राहा म्हणून? दोन कार्डांवर एकदम फोटो लिहिले जातात तेव्हा कुठे त्याला जेवण गोड लागतं. निकॉननं चूक दुरुस्त केली, पण २०२० च्या ऑक्टोबरात, झेड ६ टू आणि झेड ७ टू मध्ये. तोवर किती जण सोनीकडे पळाले, मोजत बसा.

मिररलेसचा एक उपकार मात्र मी मानते हं. आवाज नाही! पूर्वी मंगलाष्टकं चालली असताना खटाखट खटाखट, गुरुजी सुद्धा वळून बघायचे. आता सायलेंट शटर लावलं की पत्ता लागत नाही.

कॅननचंही ऐका. २०२० च्या जुलैत आर५ आला, केवढा गाजावाजा, ८के व्हिडिओ! आणि कंपनीच्याच कागदावर काय, तर वीसेक मिनिटांत तापणार. मग थंड होईपर्यंत हात चोळत बसा. लोकांनी इंटरनेटवर काय काय नाही बोलून घेतलं... पुढे फर्मवेअर दिलं, थोडं सुधारलं. २०२४ मध्ये आर५ मार्क टू काढला आणि त्याला पंखा असलेली ग्रिप वेगळी विकायला ठेवली. म्हणजे ताप आपला आणि पंख्याचे पैसेही आपलेच!

पण माझा कॅननवरचा खरा राग तापण्यामुळे नाही. लेन्सांवरून आहे. सोनीनं ई माउंटची माहिती २०११ मध्येच दुसऱ्या लेन्सवाल्यांना द्यायला सुरुवात केली, सिग्मा, टॅमरॉन, सगळ्यांना, फुकट. फार दिलदार होती म्हणून नव्हे हो, स्वतःकडे लेन्सा नव्हत्या म्हणून. त्यातून टॅमरॉनमध्ये सोनीचे शेअरही. पण गिऱ्हाइकाचं भलं झालं की नाही? टॅमरॉनची २८-७५ घेऊन निम्म्या महाराष्ट्राची लग्नं झाली असतील. आणि कॅनन? २०२२ मध्ये विलट्रॉक्स म्हणून चिनी कंपनी आरएफच्या स्वस्त ऑटोफोकस लेन्सा विकत होती, तिला थांबवलं. पेटंटचा भंग म्हणे. कायद्यानं बरोबर असेलही. पण ज्या पोरानं हप्त्यावर बॉडी घेतली त्यानं ५० एफ १.२ कुठून आणायची? लोकांनी बोंब मारली तेव्हा २०२४ च्या एप्रिलात सिग्मा-टॅमरॉनला परवानगी दिली, ती छोट्या सेन्सरच्या लेन्सांपुरती. फुलफ्रेमचं दार तेव्हाही लावलेलंच. याला कंजूषपणा म्हणायचं नाही तर काय!

कंजूषपणा एकीकडे, पण पैसा उधळणाऱ्या ऑलिंपसचं आठवलं की मला अजून हसू येतं, रडूही येतं. तो मायकेल वुडफोर्ड, ब्रिटिश. जपानी कंपनीत तीस वर्षं घासला, २०११ मध्ये अध्यक्ष झाला. आणि बघतो तर काय, कंपनीनं तीन भलतीच दुकानं विकत घेतलेली. एक चेहऱ्याच्या क्रीमचं, एक मायक्रोवेव्हच्या भांड्यांचं, एक कचऱ्यावर प्रक्रिया करणारं. कॅमेऱ्याच्या कंपनीला क्रीम कशाला? सत्तर कोटी डॉलरच्या वर पैसे मोजलेले! शिवाय जायरस नावाची कंपनी घेताना सल्लागाराला जी फी दिली, ती ६८ कोटी डॉलरच्या पुढे. सल्ल्याची फी हं, कंपनीची किंमत नव्हे. ‘फॅक्टा’ मासिकानं आधी छापलं होतं, पण घरात कुणी ब्र काढेना. यानं विचारलं. १४ ऑक्टोबरच्या बैठकीत सगळ्या संचालकांनी हात वर केले आणि याला काढून टाकला, बोलू सुद्धा दिलं नाही. गाडी काढून घेतली, वर सांगितलं, विमानतळावर बसनं जा! तो तडक लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’कडे गेला की हो. मग बाहेर आलं, नव्वदीतले शेअर बाजारातले तोटे वीस वर्षं लपवले होते, ते भरून काढायला हे सगळं सोंग. चेअरमन किकुकावांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, तीन वर्षांची शिक्षा झाली, पण स्थगित. कंपनीच्या बड्या साहेबांपैकी तुरुंगात कुणी गेलं नाही. कॅमेऱ्यांचा धंदा शेवटी २०२१ च्या जानेवारीत ऑलिंपसनं काढूनच टाकला, आता तो चालवणारे ओएम सिस्टिम नाव लावतात. कॅमेरे अजून चांगले काढतात, बिचारे.

गंमत बघा, क्रीम विकून फुजीफिल्मचं मात्र भलं झालं. फिल्ममध्ये कोलॅजन असतंच, रंग उडू नये म्हणून केलेलं संशोधनही हाताशी होतं, ॲस्टालिफ्ट म्हणून क्रीम काढलं आणि खरंच चाललं. तिकडे कोडॅक २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीत. आता फुजीचा एक्स१००... काय वेड लागलंय पोरांना! टिकटॉकवर कुणीतरी दाखवला आणि एक्स१००व्ही बाजारातून गायब, सेकंडहँड नव्यापेक्षा महाग. २०२४ मध्ये एक्स१००व्हीआय आला, त्याचीही तीच रड. त्याची लेन्स निघतच नाही, एक ती एकच. मग मी म्हणते, त्या पोरांना नको असलेल्या लेन्सा विकून इतरांनी काय मिळवलं?

आता तुम्ही म्हणाल, एवढी ओढाताण कशासाठी. अहो, कारण गिऱ्हाईकच उरलं नाही. जपानी कंपन्यांच्या संघटनेचा हिशेब आहे, २०१० मध्ये बारा कोटींवर डिजिटल कॅमेरे गेले, २०२३ मध्ये ऐंशी लाखही नाहीत. बाकी सगळं फोननं खाल्लं. मग जे उरलेत त्यांच्याकडूनच जास्त काढायचं. बॉडीत नाही, माउंटमध्ये खरी गोम आहे. एकदा झेड, आरएफ नाहीतर ई, ज्या घराच्या लेन्सा घेतल्यात, त्या घरचे तुम्ही झालात, पुढच्या दहा वर्षांची खरेदी तिथेच. निकॉनवर मी एवढ्यासाठीच खूश आहे, की आली तेव्हा उशिरा आली, पण टॅमरॉनला घरात घेतलं, रेडला घेतलं.

तुमचा भाचा आर६ घेतोय ना? घेऊ दे, कॅमेरा वाईट नाही मुळीच, फोकस तर भारी आहे. पण दुकानात पैसे मोजायच्या आधी त्याला म्हणावं, पुढच्या तीन वर्षांत कुठल्या लेन्सा लागतील ते कागदावर लिही, आणि तिन्ही कंपन्यांत त्यांची किंमत विचारून ये. आणि तरीही कॅननच घ्यायचा असला, तर समोरच्या स्टुडिओतून लेन्सा उसन्या मिळतात का ते आधी बघ म्हणावं. माझं नाव मात्र सांगू नका हं तिथे.