दार उघडा, स्टिकर वाचा

टेक्सासमधल्या भाच्याने नव्या गाडीचा फोटो पाठवलाय? शेजारी उभा तो, आणि बॉनेट थेट त्याच्या छातीला लागतंय? मग ती फुल-साइझ पिकअप. फोर्ड एफ-१५०, शेवरोले सिल्व्हराडो किंवा रॅम १५००, यांपैकीच एखादी.

अभिनंदन जरूर करा. पण त्याने दारातलं पिवळं स्टिकर वाचलं का, तेही विचारा.

फोर्डची एफ-सिरीज १९७७पासून अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे. पूर्वी ती शेतावर, तेलविहिरीवर, बांधकामावर दिसायची. आज ती संगणकासमोर बसून काम करणाऱ्यांच्या दारात उभी असते, आपल्या मराठी मंडळींच्याही.

एवढं काय वाहून न्यायचंय या लोकांना?

फार काही नाही. स्ट्रॅटेजिक व्हिजन या संस्थेची पाहणी २०१९मध्ये गाजली होती. ७५ टक्के पिकअपमालक वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा मागे काही ओढतात. ३५ टक्के मालक हौद्यात सामानही वर्षातून एखाद्याच वेळी टाकतात. उरलेले दिवस हौदा रिकामा फिरतो आणि त्याचं पेट्रोल मालक भरतो.

हौदा तरी किती उरलाय? साठ-सत्तरच्या दशकातल्या एफ-सिरीजमध्ये लांबीचा सुमारे ६४ टक्के भाग हौद्याचा होता. २०२१च्या एफ-१५०मध्ये तो ३७ टक्क्यांवर आला. बाकी सगळी केबिन. आठ फुटी प्लायवूडची शीट साडेपाच फुटी हौद्यात टाकली की फाळका लागत नाही. शीट बाहेर लोंबते, तिला लाल फडकं बांधावं लागतं.

ट्रक वाढला आणि हौदा आटला.

जपानमधले जुने चिमुकले 'केई' ट्रक काही अमेरिकी हौसेने आयात करतात. साडेतीन मीटरही लांबी नाही त्यांची. पण हौदा मोजा: एफ-१५०च्या साडेपाच फुटी हौद्यापेक्षा लांब भरतो.

ट्रक एवढा का फुगला? एक कारण कोंबडी. पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सने अमेरिकी कोंबडीवर कर वाढवले, म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३मध्ये परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के आयातशुल्क लावलं. कोंबडीचं भांडण केव्हाच मिटलं. शुल्क राहिलं. बाहेरच्या आटोपशीर ट्रकांची वाट अडली ती अडलीच.

दुसरं कारण सरकारी नियम. या शतकात आलेल्या इंधन-नियमांत गाडीची लांबी-रुंदी जितकी मोठी, तितकं मायलेजचं लक्ष्य सैल. मग कंपनीने लहान ट्रक कशाला बनवावा?

आता मालकांचं ऐका. पहिलं दुखणं गॅरेज. तिथल्या घरांचं गॅरेज साधारण वीस फूट खोल असतं. चार दारांची, साडेपाच फुटी हौद्याची एफ-१५० एकोणीस फुटांहून लांब. साडेसहा फुटी हौदा घेतला तर वीसच्याही पुढे. गॅरेजमध्ये पाणी तापवायची टाकी आणि फडताळं आधीच असतात. परिणाम? ६० हजार डॉलरची गाडी उन्हात आणि रिकामी खोकी सावलीत.

दुसरं दुखणं पार्किंग. आरसे धरून रुंदी आठ फुटांच्या आसपास जाते. जागा मिळते, दार उघडत नाही.

तिसरं पेट्रोल. काहींची टाकी ३६ गॅलनची, म्हणजे १३६ लिटरची. गॅलनला तीन डॉलर धरले तरी एका भरण्याला शंभराच्या वर.

किमतीचं तर बोलूच नका. नव्या मोठ्या पिकअपची सरासरी किंमत साठ हजार डॉलरच्या पुढे गेली आहे. टेक्सासमध्ये 'किंग रँच' नावाची खरीखुरी रँच आहे. तिच्या नावाची, चामडी आसनांची एफ-१५० २००१पासून विकली जाते. त्या आसनांवर चिखलाचे बूट घेऊन कोण बसणार आहे?

एवढे पैसे मोजून इंजिनाची तरी निश्चिंती? जनरल मोटर्सने २०२५मध्ये ६.२ लिटर व्ही-८ इंजिनाच्या सुमारे सहा लाख गाड्या परत बोलावल्या. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्ये दोष होता. टोयोटाचं नाव विश्वासाचं, पण २०२४मध्ये तिलाही लाखभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यात बहुतेक टुंड्रा पिकअप होत्या. इंजिन घडवताना धातूचा कीस आतच राहिला होता.

आणि आता ते पिवळं स्टिकर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक किलोच्या वर वजन नको, असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं. जाहिरातीत मात्र दुसराच आकडा झळकतो: १३,५०० पौंड ओढणार! म्हणजे सहा टनांच्या वर. तो आकडा खोटा नाही. तो विशिष्ट इंजिन, विशिष्ट गिअर, विशिष्ट पॅकेज असलेल्या गाडीचा आहे. भाच्याच्या गाडीचा असेलच असं नाही.

गणित करू. स्टिकरवर ६८० किलो लिहिलेत. चार दारांच्या, सगळ्या सोयींच्या गाडीवर असाच आकडा दिसतो. मागे साडेतीन टनांचा कॅम्पिंगचा ट्रेलर जोडला. जाहिरातीच्या मानाने किरकोळ. पण ट्रेलर नुसता ओढला जात नाही, त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार ट्रकच्या पाठीवर बसतो. बारा टक्के धरले तर ४२० किलो. जोडणीच्या लोखंडाचे ४०. उरले २२०. आई, बाबा, दोन वाढती मुलं: २१५.

शिल्लक पाच किलो.

पाण्याचा कॅन त्यात बसत नाही. बर्फाची पेटी, सायकली, कुत्रा यांची तर गोष्टच सोडा. सहा टनांच्या जाहिरातीला भुललेलं कुटुंब साडेतीन टनांतच नियमाच्या काठावर येतं. मागची चाकं दबतात, पुढची हलकी होतात, उतारावर ब्रेक उशिरा लागतो. विक्रेत्याने हे सांगायला हवं होतं. किती जण सांगतात? आणि जितक्या सोयी घ्याल, म्हणजे काचेचं छप्पर, विजेवर उघडणारे फूटबोर्ड, तितकं ट्रकचं स्वतःचं वजन वाढतं आणि स्टिकरवरचा आकडा उतरतो. जास्त पैसे मोजून कमी भार विकत घेतला जातो.

आपला 'छोटा हत्ती' आठवा. टाटाने २००५मध्ये आणलेली एस. लांबी ३.८ मीटर, इंजिन सोळा अश्वशक्तीचं, भार ७५० किलो. ती महामार्गावर ट्रेलर ओढणार नाही, हे मान्य. पण पाठीवरचा भार? तो या तीनशे अश्वशक्तीच्या गाडीइतकाच.

मग पिकअप वाईट का? मुळीच नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सास गोठलं, वीज गेली. तेव्हा हायब्रिड एफ-१५०च्या ७.२ किलोवॉटच्या जनरेटरवर लोकांनी घरातले दिवे आणि हीटर चालवले. २०१७च्या हार्वे वादळात ह्यूस्टन बुडालं, तेव्हा उंच पिकअप मागे बोटी जोडून धावल्या. सुतार, शेतकरी, घोडे पाळणारा यांना ती रोज लागते, आणि त्यांच्याकडे ती आपले पैसे कामातून फेडते. मागच्या सीटवर लेकरांच्या तीन खुर्च्या शेजारी शेजारी बसतात, हेही तीन मुलांच्या आईला विचारा.

ज्याला काम आहे त्याने घ्यावीच.

पण एक हिशेब मालकाच्या खिशात मावत नाही. तो गाडीपुढून चालणाऱ्याचा आहे. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने सुमारे १८,००० अपघात तपासले आणि २०२३मध्ये निष्कर्ष मांडला. बॉनेट चाळीस इंचांहून उंच असेल, तर धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. मोठ्या पिकअपचं बॉनेट चाळीस इंचांच्या वरच असतं. कार पायाला लागते. ही छातीला, डोक्याला लागते. लहान मूल तर ड्रायव्हरला दिसतच नाही.

अमेरिकेत २००९मध्ये सुमारे ४,१०० पादचारी वाहनांखाली गेले. २०२२मध्ये साडेसात हजारांच्या वर. सगळा दोष पिकअपचा नाही. रस्ते, वेग, फोन, दारू हेही आहेत. म्हणून बॉनेटला सोडून द्यायचं? मूल शेजाऱ्याचं असो की आपलं, घरासमोरच्या उतारावर ते चाळीस इंचांच्या खालीच खेळत असतं.

लहान ट्रक कोणी घेणार नाही, असं कंपन्या वर्षानुवर्षं सांगत होत्या. फोर्डने २०२१मध्ये मॅव्हरिक आणली: हायब्रिड, गॅलनला ३७ मैल, सुरुवातीची किंमत वीस हजार डॉलरच्या आत. मागणी इतकी आली की नोंदणी थांबवावी लागली.

गिऱ्हाईक होतं. ट्रक नव्हता.

तेव्हा ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनच्या मंडळींनो, सही करण्याआधी तीन गोष्टी करा. टेप घेऊन गॅरेज मोजा. ड्रायव्हरचं दार उघडून स्टिकर वाचा आणि त्यातून घरच्यांची वजनं वजा करा. मग बॉनेटसमोर आपलं मूल उभं करा आणि सीटवर बसून ते दिसतं का पाहा. वर्षातून दोनदा सोफा आणि गणपतीचा मांडवच हलवायचा असेल, तर यू-हॉलची पिकअप दिवसाला वीसेक डॉलरमध्ये, वर मैलांचे पैसे देऊन भाड्याने मिळते. तीच घ्या.