कौलं पडली की कळवा

घर पडायला आलं की माणसं गवंड्याला बोलावतात. हा गृहस्थ अशा वेळी लेन्स पुसायला घेतो. राहायला ठाण्यात, नवव्या मजल्यावर. तिथे बाथरूमच्या छताला ओल आली तर सोसायटीच्या सेक्रेटरीला दिवसातून दोनदा फोन करून भंडावून सोडतो. शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी चढवून मांडव्याला उतरला, की मात्र ओल, बुरशी आणि शेवाळ या तिन्ही गोष्टींवर त्याचा जीव जडतो.

किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या गावात हा सापडतो, रेवदंड्यात हमखास. अलिबागपासून सतरा किलोमीटरवरचं हे गाव त्याच्यासाठीच वसवल्यासारखं आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इथे तटबंदी घातली, आत चर्चं आणि मठ बांधले, आणि १७४० साली सगळं मराठ्यांच्या हवाली केलं. आता अलिबाग-मुरूड रस्ता किल्ल्याच्या पोटातूनच जातो. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि वाड्यांमधून छप्पर गेलेल्या भिंती डोकं काढून उभ्या. सातखणी मनोऱ्याचे चारच मजले शिल्लक आहेत. गावकऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. पण आपल्या माणसाला ते तीन पडलेले मजलेच जास्त दिसतात. उरलेल्या चारांकडे तो जरा नाराजीनेच बघतो. तेही पडत आहेत, पण फार सावकाश.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या तो कॅमेरा काढतो आणि समुद्राच्या दमट हवेत लेन्सवर धुकं धरतं. मग पंधरा मिनिटं काच पुसत उभा राहतो. तेवढ्यात उन्हाचं जे काही सोनं व्हायचं असतं ते होऊन जातं.

खरी गंमत तिवई रोवल्यावर सुरू होते. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची चर्चा या किनाऱ्यावर इतकी वर्षं चालली आहे, की गल्लीत तीन पायांचं काहीही उभं राहिलं तर ते मोजणीचंच असणार, याबद्दल कुणाला शंका नसते. कुंपणापलीकडून प्रश्न येतो, “साहेब, किती आत येणार हो रस्ता?”

“नाही काका, मी फोटो काढतोय.”

“कसला?”

“या भिंतीचा.”

“ही पडलेली? चांगली आहे की तिकडे, गेल्या वर्षी प्लास्टर केलेली. तिचा काढा.”

प्लास्टर हा शब्द त्याला चिमटा काढल्यासारखा लागतो. रंगवलेलं दार, नवा पत्रा, अंगणातली पेव्हर ब्लॉकची नक्षी यांच्याकडे पाठ करूनच तो उभा राहतो. चौकटीत विजेची तार आली तर सुस्कारा, मोबाइलचा टॉवर आला तर दोन पावलं डावीकडे. तसा सरकत सरकत एकदा तो शेणाच्या खड्ड्यापर्यंत पोचला होता, असं वाडीतली मंडळी सांगतात. सांगताना हातानं खड्ड्याची खोलीही दाखवतात.

भिंतीत उगवलेल्या पिंपळावर तर तो फिदाच असतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी दगडाच्या सांध्यात पडतं, चुन्यातली ओल पिऊन मूळ आत शिरतं आणि जाड होत होत चिरा बाहेर ढकलतं. झाड कापलं तरी मूळ आतून पुन्हा फुटतं, म्हणून जुन्या वास्तू राखणाऱ्यांना पिंपळाचं रोप दिसलं की घाम फुटतो. हा मात्र गुडघ्यावर बसून ‘निसर्ग आपलं परत घेतोय’ असं पुटपुटतो. निसर्गानं त्याच्या बाल्कनीतलं परत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा यानंच पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं होतं.

त्याच्या आवडीला नियम एकच: वस्तू कामातून गेलेली हवी. खाडीपलीकडच्या कोर्लईचा किल्ला चालतो. तिथलं दीपगृह नाही, कारण त्याचा दिवा अजून लागतो. कोर्लई गावात आजही लोक पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली घरात बोलतात. पोर्तुगीज गेल्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षं टिकलेली ही वास्तू. पण तिला ना भेगा आहेत ना शेवाळ, त्यामुळे ती त्याच्या यादीत येत नाही. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला होता. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. हा तिथवर जातो, स्मारकाचा धडधाकट दगड बघतो आणि झाकण लावून परततो.

खरा घोटाळा होतो तो बंद घरांपाशी. कुलूप, ओटीवर पाचोळा, कौलांवर गवत, खिडकीचा एक गज गायब. याला वाटतं, कुणीतरी हे घर कायमचं सोडून गेलं. प्रत्यक्षात कुणी काही सोडलेलं नसतं. सातबारावर चुलत्यांची, आत्यांची आणि त्यांच्या नातवंडांची मिळून अशी नावं असतात, की कौल बदलायला संमती घ्यायची तर बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत फिरावं लागतं. एकानं खर्च केला तर दुसऱ्याला त्याचा हेतू संशयास्पद वाटतो. म्हणून घर पडत राहतं. हक्क मात्र शाबूत राहतात. शिवाय किल्ली शेजारच्या आजींकडे असते, गणपतीत पाच दिवस तिथे पंधरा माणसं जेवतात, आणि उरलेलं वर्षभर पडवीत आजींच्या सुपाऱ्या वाळतात. फोटोत त्या नकोत म्हणून हा आजींना विचारतो, “जरा बाजूला घेता का?” आजी म्हणतात, “घेते की. तू उचलायला ये.” दोन पोती उचलून झाल्यावर त्याला एकाकीपणाचा फोटो मिळतो.

तो फोटो संध्याकाळी इन्स्टाग्रामवर चढतो. आभाळ काळं केलेलं, भिंतींचा रंग काढून घेतलेला, खाली ओळ: ‘इथे आता कुणीच येत नाही.’ दोन तासांत डोंबिवलीहून उत्तर येतं, “आम्ही येतो. चतुर्थीला या जेवायला. आणि आमच्या ओटीवर चढताना चपला काढल्या होत्यात का?”

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात धडकलं. माडा-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या, कौलं पानांसारखी उडाली, आणि मग तलाठ्यांचे पंचनामे सुरू झाले. त्या दिवसांत या छायाचित्रकाराला आयुष्यात पहिल्यांदा गावातून मागणी आली. एका घरमालकानं फोन केला: वादळाआधी घर उभं होतं हे दाखवायचंय, तुमच्याकडे फोटो आहे ना? यानं हरखून, मोठ्या आकारात, उत्तम कागदावर छापून पाठवला. मालकानं तो बघितला आणि पुन्हा फोन केला.

“अहो, यात तर घर वादळाच्या आधीच पडलेलं दिसतंय. साधा नाही का एखादा? दिवसाचा, रंगीत, कौलं दिसतील असा?”

“काढले होते तसे,” हा म्हणाला, “पण ते मी डिलीट करतो.”