साहेब नसलेलं ऑफिस

नेसरीच्या एका पतसंस्थेत आता कुणी कुणाचा साहेब राहिलेला नाही. भिंतीवर 'माणूस प्रथम' असा फलक लागलाय. तो लावायला शिपायाला रविवारी बोलावलं होतं. त्याचे जादा पैसे मिळणार नाहीत, कारण आता तो शिपाई नसून 'सहकारी' आहे.

पुण्याहून आलेल्या व्याख्यात्यांनी सकाळभर स्व-व्यवस्थापन समजावलं. यापुढे हुकूम बंद. प्रत्येकाने आपलं काम आपण ठरवायचं, आपली चूक आपण शोधायची आणि आपले कान आपणच उपटायचे. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतले पिग्मी एजंट मात्र चक्रावले. मोटारसायकल स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, पावसाळ्यात रेनकोट स्वतःचा, आणि दुकानदार 'उद्या या' म्हणाला तर दोषही स्वतःचाच. हे सगळं ते कमिशनवर वर्षानुवर्षं करत आलेत. यासाठी पुण्याहून माणूस आणावा लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नेसरीत भाषण म्हटलं की प्रतापराव गुजर येणारच. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी इथल्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडलेले ते आणि त्यांचे सहा साथी. "त्यांना कुणी टार्गेट दिलं होतं का? याला म्हणतात ओनरशिप!" व्याख्याते गरजले.

कॅशियरबाईंनी हात वर केला. "सर, त्याआधी उमराणीला खान तावडीत सापडला होता. त्याला सोडायचं प्रतापरावांनी स्वतः ठरवलं. अधिकार होता म्हणून ठरवता आलं, आणि अधिकार होता म्हणूनच महाराजांनी जाब विचारला. इथं अर्ध्या दिवसाची रजा मंजूर करायचा अधिकार आमच्यात कुणाला नाही. मग जाब तेवढा आमच्याकडं कसा?"

प्रश्न फार सुंदर असल्याचं सांगून व्याख्यात्यांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली.

पानात पापड होता, हा संयोजकांचा घात. कारण बाईंना विषय पुढे न्यायला तेवढं पुरलं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथं लाटणारी बाई नोकर नाही, मालकीण. नफा झाला तर सगळ्याजणींचा, तोटा झाला तरी सगळ्याजणींचा. कुर्ल्याचा बंद पडलेला कमानी ट्यूब्ज कारखाना १९८८ मध्ये कामगारांनीच चालवायला घेतला. दोन्हीकडे कामाबरोबर मालकीही हाती आली होती. "आमच्याकडं निदान कपाटाची किल्ली तरी द्या," बाई म्हणाल्या. व्यवस्थापक, म्हणजे माजी साहेब, ताकाचा दुसरा ग्लास मागत उठले.

दुपारच्या सत्रात ठराव झाले. उशीर झाला तर आपला पगार आपणच कापून घ्यायचा. रजेवर जाताना बदली माणूस आपणच शोधायचा. थकीत कर्जाची वसुली प्रत्येकाने घरचं काम समजून करायची; थकबाकीदार संचालकांचा पाहुणा निघाला, तर कुठं थांबायचं हेही आपलं आपणच ओळखायचं.

"आणि पगारवाढ?" एका एजंटाने विचारलं.

तो विषय संचालक मंडळाने स्वतःकडे ठेवलाय. दर वार्षिक सभेत तो पुढच्या वर्षावर ढकलायला त्यांना आजवर कुणी सांगावं लागलेलं नाही. ऑफिसात खरं स्व-व्यवस्थापन मुरलंय ते तेवढ्याच एका खात्यात.