चाळीस म्हणजे किती, भाऊ?

(नांदेडच्या एका फोमविक्रेत्यास लातूरहून खुले पत्र)

प्रति,
माननीय फोमवाले भाऊ,
मु. नांदेड

विषय : एक किलो फोम हरवल्याबाबत.

स. न. वि. वि.

आपल्या दुकानात दिवसाला कितीतरी ताया येत असतील, तेव्हा मी त्यातली कोणती ते आधी सांगते. दिवाळीला माहेरी आलेली, हातात टेप आणि कागद घेऊन ‘पाच फूट बाय दोन फूट, दोन इंची’ असं एका दमात म्हणणारी, आणि ‘कोणत्या डेन्सिटीचा देऊ?’ या आपल्या पहिल्याच प्रश्नाला गप्प झालेली, ती मी. आपण माझी अडचण लगेच ओळखलीत. ‘ताई, चाळीसचाच न्या. पंधरा वर्षं बघायचं काम नाही. बसला तर माझ्या अंगावर आणून टाका.’ मग फोमच्या कडेला निळ्या पेनाने लिहिलेले ४० मला दाखवलेत आणि अंगठ्याने दाबून बघायला लावलंत. फोम टुणकन वर आला. मी अकराशे रुपये मोजले. आपण मात्र काहीच मोजलं नाही. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

मुळात मला हेडबोर्ड का हवा होता, ते सांगते. आमच्या घरी बैठकीत लोड आणि तक्के होते तोवर पाठीचा प्रश्न नव्हता. पुढे पलंग आला, लोड माळ्यावर गेले आणि पाठ भिंतीला लागली. भिंतीवर तेलाचे दोन गोल डाग पडले, एक मोठा आणि एक लहान. बघणाऱ्याला आमच्या संसाराची मांडणी कळावी असे. दुकानात गादी लावलेल्या तयार हेडबोर्डची किंमत विचारली, तर चौदा हजार. आमच्या लातुरात घरात बारावीचं लेकरू असलं की चौदा हजार हा आकडा फक्त क्लासच्या पावतीवर शोभतो. तेव्हा ठरवलं, घरीच करायचा, तीन हजारांत. सुताराकडची उरलेली १२ मिलिमीटरची प्लाय ७००, आपला फोम ११००, सोफ्याचं कापड दोन मीटर ६००, टॅकर आणि पिना ४००, चिकटवायचं सोल्युशन १५०, बोल्ट ५०. बेरीज बरोबर तीन हजार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, भाऊ. आपल्याला तेव्हा हे सांगायचं राहून गेलं, त्याची आता चुटपुट लागली आहे.

फोमची गुंडाळी घेऊन मी एसटीच्या लाल परीत बसले. बायकांना अर्धं तिकीट असल्याने मी निम्म्यात, पण गुंडाळीचं सामान म्हणून कंडक्टरने वेगळे पैसे घेतले. लोह्यापर्यंत तिला एक आजोबा टेकले, अहमदपूरपर्यंत एक कॉलेजचा मुलगा, चाकूरच्या पुढे खुद्द कंडक्टर. सगळे म्हणाले, ‘मऊ आहे.’ आता हिशेब लागतोय की अर्ध्या तिकिटाचा खरा हक्क माझा नव्हता, फोमचा होता. गाडीत निम्मा तोच होता.

घरी सासूबाईंनी आधी विचारलं, ‘काय करलालीस गं? उशाला वजन नगं बाई.’ ही अट मी हसण्यावारी नेली नाही. त्या किल्लारीकडच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात औसा आणि उमरगा भागातली गावं झोपेतच गेली. जाडजूड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात जे गारवा द्यायचं तेच अंगावर आलं. तेव्हापासून त्या झोपायच्या आधी उशाच्या भिंतीकडे एकदा बघतात. फोटो नाही, फळी नाही, घड्याळसुद्धा नाही. म्हणून आमचा हेडबोर्ड भिंतीला टांगलेला नाही. मागून दोन लाकडी पट्ट्या लावून तो पलंगाच्या पायांना बोल्टने आवळला आहे, आणि त्यात जड म्हणून काही नाही. उशाशी हलकंच हवं ही सासूबाईंची अट आपण मात्र माझ्याहून काटेकोर पाळलीत, हे मी मान्य करते.

काम दोन रविवारांचं. फोम प्लायपेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठा ठेवला, म्हणजे कड दाबली जाऊन गोल येते. वर पातळ वॅडिंगचा थर, त्यावर कापड. पिना आधी चारी बाजूंच्या मध्यावर मारल्या, मग मध्यापासून कोपऱ्याकडे सरकत गेले. कोपऱ्यापासून सुरुवात केली की कापडाला तिरपी ओढ बसते आणि सुरकुती मधोमध येऊन बसते. कोपऱ्याची घडी मला शिकावी लागली नाही. जूनमध्ये वह्या-पुस्तकांना कव्हरं घातलेला हात होता. शेजारणी बघून गेल्या. ‘विकतचा वाटतो,’ असं दोघी म्हणाल्या. मी आपलं नाव आणि पत्ता दोघींनाही दिला. त्याबद्दल त्यांची वेगळी माफी मागितली आहे.

संक्रांत आली. हळदीकुंकवाला बायका पलंगावर बसतील म्हणून चादर नीट करायला गेले, तर हेडबोर्डमध्ये दोन खळगे. एक मोठा, एक लहान, थेट भिंतीवरच्या डागांच्या मापाचे. हात दाबला तर बोटाला प्लायची गाठ लागली. पंधरा वर्षं ज्याच्याकडे बघायचं काम नव्हतं, त्याच्याकडे बघण्यासारखं अडीच महिन्यांत काही उरलं नाही. आम्ही नीट बसायच्या आधी फोमच बसला. पाठ टेकायला म्हणून केलेल्या वस्तूपुढे मी हात टेकले.

आपल्याला फोन केला. आधी विचारलंत, ‘बिल आहे का?’ बिल नव्हतं. सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेला हिशेब होता. मग म्हणालात, ‘तुम्ही लोक जास्त टेकत असाल.’ आणि शेवटी ते सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवावं असं वाक्य, ‘ताई, हेडबोर्डला टेकायचं नसतं. तो शोचा असतो.’ म्हणजे उद्या छत्रीवाला म्हणेल, पावसात उघडायची नसते. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ भिंतीला टेकून बसले होते. भिंतीने कधी हमी दिली नव्हती, पण ती बसलीही नव्हती.

मग मनात आलं, ४० म्हणजे नेमके ४० काय? वर्गात एखाद्या पोराने उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर मी अर्धा गुण कापते. आपल्या निळ्या पेनालाही एकक नव्हतं. शोधून काढलं. फोमची घनता म्हणजे घनमीटरला किती किलो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच ठोकळा घेतला तर ४० च्या फोमचा तो ४० किलो भरायला हवा. इतकं सरळ गणित सातवीत येतं. ते दुकानाच्या उंबऱ्यावर मला सुचलं नाही, ही माझी चूक. आपण अंगठा पुढे केलात आणि मी काटा विसरले. अंगठ्याला कळतो तो मऊपणा. किती माल आहे, ते अंगठ्याला कळत नाही. नवा फोम हलका असला तरी टुणकन वर येतोच. नवी नवरीसुद्धा पहिले आठ दिवस पाचला उठते.

पिना उचकटल्या. सोल्युशन लावताना मी कंजुषी केली होती, त्यामुळे चार ठिपक्यांवर चिकटलेला फोम अखंड निघाला. तो गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. आपल्या फोमचं आकारमान १.६७ घनफूट. ४० च्या हिशेबाने वजन भरायला हवं जवळपास १९०० ग्रॅम. काट्यावर आकडा आला ९००. सोल्युशनचे चार ठिपके मी उदार मनाने आपल्या बाजूने धरले. घनता झाली १९. किराणावाले काका म्हणाले, ‘बाई, इतकी वर्षं साखर मोजली, हवा पहिल्यांदाच मोजतोय.’

आपला वकील होऊनही विचार करून पाहिला. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं. पुढे त्याचा फुगवलेला, बुडबुड्यांचा फोम आला. भरीव पॉलियुरेथेन घनमीटरला साधारण १२०० किलो भरतं. म्हणजे इमानदार ४० च्या फोममध्येही शंभरातले जवळपास ९७ भाग हवाच असते. आपल्या १९ मध्ये ९८ हून थोडी जास्त. काय ते पावणेदोन टक्के हवा जास्त गेली, एवढ्यासाठी कुणी पत्र लिहितं का? पण भाऊ, दुधात पाणी घालणाराही म्हणू शकतो की दुधात मुळातच पाणी असतं. हवेची टक्केवारी पावणेदोनने वाढली आणि माल निम्मा झाला. टक्का कशाचा काढायचा, यात आपण माझ्याहून हुशार निघालात.

माझे दीर दरवर्षी सोयाबीन घेऊन लातूरच्या आडतीवर जातात. तिथे आधी मूठभर दाणे यंत्रात जातात. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची मूळ अट १२ टक्क्यांची. एखाद्या हंगामात ती सैल झाली तरी यंत्राची नजर सैल होत नाही. एक टक्का जास्त ओलावा निघाला की भाव पडतो, माती-काडीची कटती वेगळी, तोलाई वेगळी, हमाली वेगळी. दीर काही बोलत नाहीत, कारण काट्यापुढे बोलायचं नसतं ही आमच्याकडची रीत. ज्या मुलखातल्या माणसाचा घाम टक्क्यात मोजून घेतात, त्याच मुलखातल्या माणसाला एकाने कागदावरची घनता विकली आणि निम्मा माल हातोहात ठेवून घेतला. त्याला कटती नाही, कारण तिथे काटाच नाही.

सगळ्यात लागलं ते पुढेच आहे. मला ४० ची गरजच नव्हती. बसायच्या गादीवर अख्ख्या अंगाचा भार येतो. हेडबोर्डवर नुसती पाठ कलते. तिथे खरा २८ किंवा ३२ चा फोम पुष्कळ झाला, आणि तो स्वस्तही पडला असता. आपण खरं बोलला असतात तरी आपला फायदा झाला असता, माझे पैसे वाचले असते आणि शेजारणींना दिलेला पत्ता परत घ्यावा लागला नसता. फसवायची गरज नसताना फसवणं याला व्यापार म्हणत नाहीत, सवय म्हणतात.

आणि हे घडलं कुठे? नांदेडला! जिथे उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर घरं उठायची, जिथल्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड ४४’ हा वाण गावोगावच्या शेतात पोचला, त्या गावात जाऊन मी हवा विकत घेऊन आले. कापसाच्या गावातल्या लेकीला इतकंही कळू नये?

शेवटी माळ्यावरचे लोड खाली काढले. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात. त्यातल्या एकाच्या आतल्या गल्लीत पिंजाऱ्याचं दुकान आहे. त्याचा पहिला प्रश्न ऐकून मला भरून आलं. ‘किती किलोचं करायचं, बाई?’ गादीचं काम पिढ्यान्‌पिढ्या किलोवरच बोललं जातं, आठ किलोची गादी, दहा किलोची गादी. त्याने लोडातला जुना कापूस माझ्यासमोर काट्यावर टाकला, तीन किलो. पिंजून परत टाकला, दोन किलो आठशे. दोनशे ग्रॅम कुठे गेले हे मी विचारायच्या आत त्याने यंत्राखालची धूळ आणि सरकीचा चुरा हाताने गोळा करून दाखवला. भाऊ, दोनशे ग्रॅमचा हिशेब न मागता मिळतो, हे मी नुकतंच डोळ्यांनी पाहिलं. आपण मला एक किलोचा हिशेब मागूनही दिला नाही.

उभ्या पाठीत कापूस भरला की तो हळूहळू खाली उतरतो. म्हणून सासूबाईंनी दाभण घेतला आणि गोधडीला घालतात तसे चार-चार बोटांवर टाके घातले. डोळ्यांना कमी दिसतं, पण टाका वाकडा जात नाही. खालचा दीड फूट, जिथे माणूस टेकतो, तिथे कापूस आहे. आपला फोमही वाया घालवला नाही. त्याची सहा इंचांची पट्टी कापून सगळ्यात वर लावली, जिथे कुणाचं डोकंसुद्धा पोचत नाही. शोचा फोम शोच्या जागी गेला. उरलेल्या फोमचे तुकडे लेकराने खुर्चीवर घेतले आहेत. अभ्यास करताना तो खुर्चीच्या फळीवरच बसतो, फक्त त्याला तसं वाटत नाही.

आपण मला चार वेळा ताई म्हणालात. तेव्हा तो एक किलो मी भाऊबीजेची ओवाळणी समजून सोडून देते आहे. ओवाळणी भावाने घालायची असते, पण आपल्याकडे माल उलट्या बाजूने जातो, हे आता सवयीचं झालं आहे. कधी लातूरला आलात तर जरूर या. चहा होईल आणि टेकायलाही जागा आहे. जोरात टेका.

आपली,
निम्मी फसलेली ताई

ता. क. : आपल्याकडे येणाऱ्या पुढच्या तायांसाठी. लांबी आणि रुंदी फुटांत, जाडी इंचांत घ्या. तिन्हींचा गुणाकार करा, १२ ने भागा, मग २८.३ ने गुणा आणि दुकानदार सांगेल त्या घनतेने गुणा. येईल ते वजन ग्रॅममध्ये. फोम शेजारच्या किराणा दुकानात न्या आणि काट्यावर ठेवा. आणि वजन बरोबर भरलं तरी एक चिमटा काढून बघा. वजन वाढवायला फोममध्ये खडूसारखी भुकटी घालण्याचीही रीत आहे, आणि असा फोम चिमट्यात तुटतो. खडूची मला चांगली ओळख आहे, भाऊ. त्या वाटेने जाऊ नका.