निरोगी तरुण पाहिजे

शास्त्रज्ञांना लागतो तो ‘निरोगी तरुण’ हॉस्टेलात सहसा आढळत नाही. तो सिगारेट ओढत नाही, रात्री झोपतो आणि सांगितलं तर चहा-कॉफीला शिवतही नाही. कॅफीनने रक्तदाब किती चढतो, हे माझ्या डॉक्टरकी शिकणाऱ्या रूममेटला प्रोजेक्टसाठी मोजायचं होतं. “तुझ्यात काही दोष नाही रे,” असं तो म्हणाला. हे वाक्य घरी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

आदल्या संध्याकाळपासून चहा बंद. रोज पिणाऱ्याचं शरीर काही दिवसांत कॅफीनला सरावतं आणि दाब फारसा हलत नाही, म्हणून हा उपास. पण रोजचा चहा तुटला की बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकू लागतं. अशा माणसाच्या दंडाला पट्टा आवळून हा म्हणतो, “रिलॅक्स!” ११६/७४. मग काळी कॉफी आली. दूध नाही, साखर नाही, दयामाया नाही.

पुढचं राजकारण रक्तात चालतं. अ‍ॅडेनोसिन हे आपल्या शरीरातलं सज्जन रसायन. मेंदूला ‘आता पुरे’ म्हणणारं, रक्तवाहिन्यांना सैल सोडणारं. कॅफीन येतं आणि एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी त्याची जागा धरून बसतं. अ‍ॅडेनोसिन उभंच! वाहिन्या आवळतात, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, अर्ध्या तासात दाब चढू लागतो आणि तास-दोन तासांत शिखर गाठतो. तब्येत धड असेल तर पाच-दहा अंकांचा मामला. काही तासांत सगळं जागच्या जागी.

माझा वरचा आकडा १२२ झाला. रूममेटला मुलगा पास झाल्याइतका आनंद.

तुलनेसाठी काहींना कॅफीन काढून घेतलेली कॉफी दिली होती. कोणाला कुठली, हे अर्थातच गुप्त. त्यांतला एक घरून येणारा विद्यार्थी पहिल्याच घोटाला म्हणाला, “ही कॉफी नाही.” मोजताना बोललं तरी दाब चढतो, त्यामुळे तोंड बंद ठेवायची सक्त ताकीद होती. हा पट्टा बांधून घेऊन कॉफी कशी करतात ते सांगत राहिला. भांडं कुठलं, पाणी किती, जायफळ केव्हा. कॅफीन पोटात जेमतेम नावापुरतं असताना त्याचा आकडा आम्हा सगळ्यांच्या वर गेला.

सरांनी ती नोंद बाद करायला सांगितली. कारणाच्या रकान्यात रूममेटने लिहिलं : सदाशिव पेठ.