तीन नंबरचा पाळणा

अहो वहिनी, इकडे या ना जरा, कुंपणाशी. कपडे घाला हो मागाहून वाळत, ऊन कुठे पळून चाललंय! ऐकलंत का, तीन नंबरचा पाळणा परत गेला. हो, तोच, ऑनलाइन मागवलेला, रिमोटवर हलणारा. टेम्पो दारात, माणूस सही मागतोय, आणि सून आतून आली. सातवा महिना, कमरेवर हात. म्हणते कशी, "दादा, उघडू नका. तसाच परत न्या." आणि सासूबाई पायरीवर उभ्या! त्यांचा चेहरा असा काही उतरला म्हणता… मी आपली तुळशीला पाणी घालत होते. मुद्दाम नाही हं गेले बाहेर.

किंमत? अठरा हजार. मी नाही विचारली, टेम्पोवाल्यानंच मोठ्यांदा वाचली.

पण भांडण पाळण्यावरून नव्हतंच मुळी. त्याआधी ती यादी झाली ना! सासूबाईंच्या भिशीतल्या कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेली. बाटल्या निर्जंतुक करायचं मशीन, ओले वाइप्स कोमट ठेवायचा डबा… अहो, कोमट! बाळ रडतंय का ते बघायला कॅमेरा. त्या घरात पोर शिंकलं तरी मला इथे ओट्याशी ऐकू येणार, कॅमेरा हवाय कशाला? आणि वॉकर. डॉक्टर कानीकपाळी ओरडतायत नको नको म्हणून, कॅनडात तर २००४ पासून विकायलासुद्धा बंदी. पण यांच्या यादीत तो होताच, वर गुलाबी की निळा ते कळेना म्हणून पिवळा.

तर काय सांगत होते, सून बँकेतली. तिनं पेन्सिल घेतली आणि एकेका ओळीवर काट मारत गेली. डायपरपाशी थांबली. म्हणाली, "आई, सुरुवातीला दिवसाला आठ तरी लागतात. दहाला एक धरा. महिन्याचे २,४०० झाले. रात्री लावू, बाहेर जाताना लावू. एरवी लंगोट." सासूबाई म्हणाल्या, "लंगोट?" त्या सुरातच सगळं आलं. मग म्हणाल्या, "आणि धुणार कोण?" तर सून म्हणते, "तुमचा मुलगा."

तो तिथेच सोफ्यावर होता बिचारा! आपल्या मावशी तेव्हा फरशी पुसत होत्या ना, त्या सांगतात, हसू दाबायला बादली घेऊन मोरीत जावं लागलं.

मग आजी. इतके दिवस चकार शब्द नाही, आणि परवा म्हणाल्या, "माझी ट्रंक काढा." ट्रंकेत त्यांची नऊवारी, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. शिवाय आजोबांची दोन धोतरं. बसल्या की कात्री घेऊन! धोतरांचे लंगोट, लुगड्यांची दुपटी, उरलं त्याची गोधडी. झबली सहाच, तीही बंदांची. दोन महिन्यांत आखूड होतात, डझनावारी घेऊन करायचंय काय? सासूबाई रडकुंडीला आल्या. "अहो आई, पहिलंवहिलं बाळ, आणि त्याला जुनेरं?" आजी दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "नव्या कापडाची खळ बोचते लेकराला. तुझा नवरा जुनेरातच वाढला, त्याला काय झालं?" आता यावर सासूबाईंना बोलण्यासारखं पुष्कळ होतं हो, पण गप्प बसल्या.

विहीणबाईंचं कळलं ना? त्या सांगलीच्या. बाळंतपण इथे पुण्यात, म्हणून त्याच यायच्यात. बाळंतविड्यात चांदीची वाटी, चमचा, वाळे, पैंजण, सगळं मनात ठरवून बसलेल्या. तर लेक फोनवर म्हणते, "आई, चांदी राहू दे. मालीशवाल्या बाईंचे महिन्याचे पैसे तू दे, आणि डिंक, हळीव, खारीक तिकडून घेऊन ये. लाडू इथे वळू." झालं! विहीणबाईंना वाटलं, हे सासरच्यांनी पढवलं. सासरच्यांना वाटलं, माहेरचे हात आखडता घेतायत. दोन दिवस फोन बंद. मग बोलल्या एकदाच्या, आणि लग्नानंतर पहिल्यांदा दोघी विहिणींचं एकमत झालं… पोरगी कुणाचं ऐकत नाही!

आजींचाही नंबर लागला हं. त्यांना वाटलं, नातसून आपल्या बाजूची. सहाण घासून ठेवली, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड, सगळी गुटीची तयारी. हट्टानं डॉक्टरांकडे बरोबर गेल्या. तिथे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नको, मध नको, वरचं पाणीसुद्धा नको. डोळ्यांत काजळ नको. आणि ती मोहरीची उशी केली असेल तर तीही नको, बाळ सपाट गादीवर उताणं झोपवायचं." एकेक 'नको' बरोबर आजी खुर्चीत खाली खाली! रिक्षात एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, "सहाण माझ्या खोलीत ठेवा. सुंठ उगाळून कपाळाला लावीन, ते तरी चालेल ना?"

पण डॉक्टरीणबाईंच्या त्या 'फक्त आईचं दूध'नं यादीतल्या बाटल्या गेल्या, मशीन गेलं, दुधाचे डबे गेले. अहो, त्या डब्यांची जाहिरात करायला, फुकट सॅम्पल वाटायला १९९२ च्या कायद्यानं मनाई, आणि आमच्या सासूबाई दुकानात विचारून आल्या होत्या, "काही स्कीम आहे का?"

आता खरी गंमत ऐका. परवा सून मावशींना समोर खुर्चीवर बसवून, चहा देऊन, चौकशी करत होती. मावशींची लेक सरकारी दवाखान्यात बाळंत झाली ना, सिझेरियन झालं तिचं. २०११ पासून सरकारची योजनाच आहे तशी, ऑपरेशन, औषधं, तिथलं जेवण, सगळं फुकट, न्यायला-आणायला १०२ ची गाडी. वर पहिल्या बाळाचे मातृवंदना योजनेचे ५,००० खात्यात, दोन हप्त्यांत. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. आपल्या सुनेला ते नाही मिळायचे, सरकारी बँकेत पर्मनंट ना ती, पण सहा महिने पगारी रजा आहे. बाकीचं मात्र तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं. जन्मल्यावर लगेच बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशी, महापालिकेच्या दवाखान्यात, एक पैसा न देता. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत, तीही फुकट. सासूबाई दारातून म्हणाल्या, "आता मावशींना विचारून बाळंतपणं होणार का आमच्याकडे?" मावशी कप खाली ठेवून म्हणाल्या, "माझ्या पोरीचं झालं की वहिनी. कर्ज नाही झालं."

काय शांतता पसरली म्हणता!

हॉस्पिटल खासगीच घेतलंय तिनं, पण डिलक्स रूम रद्द. सोफा, फ्रिज, पाहुण्यांना कॉफी… पाहुण्यांची सोय बघायची का बाळंतिणीची? साधी खोली. वाचलेले पैसे वेगळे ठेवलेत. नवऱ्यानं विचारलं कशाला, तर म्हणाली, "काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर. तिथे दिवसाचं बिल असतं." आणि वहिनी, सासूबाई एकदम उठून आत गेल्या. थोरल्याच्या वेळचं… तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा हातात काही नव्हतं त्यांच्या. म्हणून या वेळी सगळं आणून ठेवायचा तो हट्ट, आपण उगाच हसतो. थोड्या वेळानं बाहेर आल्या आणि भिशीचं पाकीट सुनेच्या हातात ठेवलं. "हेही त्यातच ठेव," म्हणाल्या.

पण सुधारतील तर त्या सासूबाई कसल्या! विहीणबाईंची भाची आहे ना हेलसिंकीला, तिचा फोन आला. फिनलंडमध्ये म्हणे सरकारच आईला खोकं देतं. त्यात कपडे, पांघरूण, गादी, आणि बाळ त्याच खोक्यात झोपवलं तरी चालतं. १९३८ पासूनची पद्धत, आधी गरिबांना, १९४९ पासून सगळ्यांना. मात्र चौथा महिना संपायच्या आत तपासणी झालेली पाहिजे, नाहीतर खोकं नाही. खोकं नको असेल तर १७० युरो घ्या. पहिलटकरणी खोकंच घेतात म्हणे बहुतेक. झालं! सासूबाईंच्या अंगात वारं शिरलं. शुक्रवारी भिशीत काय सांगत होत्या, ठाऊक आहे? "आमच्याकडे सगळं मिनिमल आहे बाई. कापडी लंगोट, इको-फ्रेंडली. तिकडे फॉरेनला असंच करतात." जिनं ती यादी पाठवली होती ना, तिचं तोंड बघण्यासारखं झालं! आजी शेजारीच होत्या, मला डोळा मारला त्यांनी. या वयात!

पाळणा? तो आलाय की, पाच नंबरवाल्यांचा, सागवानी, गल्लीतली निम्मी पोरं त्यात झोपलेली. साखळ्या नव्या घातल्या, कड्या तपासून घेतल्या. वर टांगायच्या चिमण्या मी करून देतेय, कापडाच्या. उंच बांधा म्हटलं, हाताला लागल्या की पोरं तोंडात घालतात.

बरं, जाते, कुकर लावायचाय. आणि हो, ज्याच्यासाठी हाक मारली तेच राहिलं. तुमच्या लेकीनं अमेरिकेहून आणलेली ती कारसीट माळ्यावर आहे ना? गाडीचा अपघात नाही ना झाला कधी, आणि मागे छापलेली तारीख उलटलेली नाही ना, तेवढं बघून घ्या. दवाखान्यातून बाळ गाडीनंच यायचंय घरी. मी तीन नंबरला तुमच्या वतीनं 'हो' सांगून आलेय. संध्याकाळी तो येईल न्यायला, तोच, लंगोटवाला. जरा पुसून ठेवा हं!